मधुमेही गर्भवतीचे ताट आधी

(ज्ञातिमंडळाच्या हातखंबा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आरोग्याच्या एखाद्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आपल्या मेळाव्यांतून शिक्षण, शिष्यवृत्त्या, मुलामुलींची लग्ने, मंडळाची शिल्लक अशा विषयांवर पुष्कळ बोलणे होते. गरोदर स्त्रीच्या प्रकृतीविषयी मात्र चारचौघांत, विशेषतः पुरुषमंडळींसमोर, बोलणे संकोचाचे मानले जाते. तो संकोच आज आम्ही बाजूस ठेवणार आहोत. कारण जी गोष्ट सांगावयाची आहे ती ऐकण्याची गरज गर्भवतीपेक्षा तिच्या घरच्यांना अधिक आहे.

मधुमेह म्हटला की रक्तातील साखर वाढते, हे आता लहान मूलही सांगेल. परंतु ज्या मधुमेही स्त्रीला इन्सुलिन घ्यावे लागते, तिची साखर एकाएकी उतरूही शकते, आणि गरोदरपणात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, ही भीती सर्वांत अधिक असते, हे फार थोड्या घरांत ठाऊक आहे. ते आमच्या घरातही ठाऊक नव्हते, असेच म्हणावे लागेल. आणि आम्ही तर चाळीस वर्षे वैद्यकीचा व्यवसाय केलेला! म्हणून प्रथम आमच्या घरचीच गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा गणेशचतुर्थीचा दिवस. आमच्या पुतण्याची पत्नी मुंबईहून सणासाठी आली होती. तिला वयाच्या सोळाव्या वर्षापासून मधुमेह आहे. ज्या प्रकारात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवीतच नाही, त्या प्रकारचा. तिला तिसरा महिना लागला होता. सकाळी उलटी झाल्यामुळे न्याहारी अर्धीच पोटात राहिली. साडेबाराला आरती, लगेच नैवेद्य आणि मग जेवण, असे ठरले होते म्हणून तिने सव्वाबाराला दुपारचे इन्सुलिन टोचून घेतले. पण आमच्याकडच्या आरत्या आपणांस माहीत आहेतच. शेजारच्या वाडीतील मंडळी आली, टाळ-मृदंग रंगले, मंत्रपुष्पांजली व्हायलाच दीड वाजला. मग पुरुषांची पंगत बसली. मग मुले. सूनबाई वाढत होती.

पावणेदोनच्या सुमारास ती स्वयंपाकघराच्या दारात वाटी हातात घेऊन नुसती उभी राहिली. आमच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, उभी काय? वाढ ना!" एरवी कधी वर मान करून न बोलणारी ती मुलगी एकदम तडकून म्हणाली, "वाढते म्हटलं ना!" घरात क्षणभर शांतता पसरली. कोणी म्हणाले, डोहाळे आहेत. कोणी म्हणाले, शहरातली मुलगी, दमली असेल. तिच्या कपाळावर घाम डवरला होता, हात थरथरत होता. पण चुलीपाशी कोणाला घाम येत नाही? आणखी पाच मिनिटांनी ती खांबाला टेकून खाली बसली आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागली.

त्या वेळी आम्ही पहिल्या पंगतीत, तिच्यापासून दहा हातांवर, मोदकावर तूप घेत होतो. हे सांगताना आम्हांस लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. धावला तो तिचा धाकटा दीर, कॉलेजात शिकणारा मुलगा. थोरल्या भावाने त्याला एकदा सर्व समजावून सांगितले होते. त्याने पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर विरघळवली, वहिनीला गिळता येते आहे ना हे पाहिले, आणि घोटघोट करून तिला पाजली. रक्ताचा थेंब यंत्रावर तपासला तेव्हा आकडा ४१ निघाला. पंधरा मिनिटांनी तो ७८ झाला. ती भानावर आली आणि आपण सासूबाईंना काय बोललो हे ऐकून रडू लागली. तिला त्यातले काहीच आठवत नव्हते.

मंडळी, त्या मुलाला ठाऊक नसते तर? ती रागावली आहे असे समजून तिला आतल्या खोलीत एकटीला निजू दिले असते तर? हा विचार तेव्हापासून आमचा पिच्छा सोडीत नाही. आजचे व्याख्यान त्यातूनच निघाले आहे.

आता हे घडते कसे ते पाहू. आपला मेंदू जवळजवळ सर्वस्वी रक्तातील साखरेवर चालतो. ही साखर दर शंभर मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला उतरलेली साखर म्हणतात. लोक बोलताना 'शुगर डाऊन झाली' म्हणतात, ती हीच. ती ५४ च्या खाली गेली की प्रकरण गंभीर होते. आणि दुसऱ्या कोणाच्या मदतीवाचून स्त्रीला सावरता येत नाही अशी अवस्था आली की ती अतिगंभीर. त्यापुढे झटके येणे, शुद्ध हरपणे आणि क्वचित मृत्यूही, अशी ही उतरण आहे.

निरोगी माणसाची साखर उतरू लागली की शरीर आपण होऊन इन्सुलिन थांबवते आणि यकृतातील साठा बाहेर काढते. पण टोचून घेतलेले इन्सुलिन थांबवता येत नाही. आरती लांबली म्हणून ते वाट पाहत नाही. ते आपले काम करीतच राहते, अन्न आले तरी आणि न आले तरी. हे एक वाक्य घरोघरी लक्षात राहिले तरी आमचे बोलणे सार्थकी लागेल.

गरोदरपणात यात आणखी भर पडते. गर्भ आपल्या वाढीसाठी आईच्या रक्तातून साखर रात्रंदिवस घेत असतो. आई उपाशी आहे म्हणून त्याचे घेणे थांबत नाही. पहिल्या काही महिन्यांत आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणामही अधिक होऊ लागतो. कालपर्यंत जी मात्रा योग्य होती ती आज जास्त ठरते. त्यातच मळमळ आणि उलट्या. इन्सुलिन घेतले, जेवण पोटात गेले आणि उलटून पडले, म्हणजे औषध राहिले आणि अन्न गेले. शिवाय बाळासाठी साखर काटेकोर ठेवावयाची म्हणून मात्राही कसून दिलेली असते. या सर्व कारणांमुळे साधारण आठव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत जोखमीचा. पुढे वारेतून निघणाऱ्या रसांमुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि मात्रा वाढवीत न्यावी लागते. पुष्कळ स्त्रियांना शेवटी दुप्पट किंवा त्याहूनही अधिक लागते. मात्र शेवटच्या महिन्यांत साखर आपोआप वरचेवर उतरू लागली व इन्सुलिन बरेच कमी पुरू लागले, तर आनंद मानू नये. वारेचे काम मंदावल्याचे ते लक्षण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याने विनाकारण घबराट होईल. काही स्त्रियांना मधुमेह आधीपासूनच असतो, तर काहींना तो गरोदरपणातच प्रथम आढळतो. या दुसऱ्या प्रकारात केवळ आहार आणि चालणे यांवर ज्यांचे भागते, त्यांची साखर धोकादायक उतरण्याची भीती फारशी नसते. मेटफॉर्मिन हे औषध एकटे घेतले असता त्यानेही सहसा साखर उतरत नाही. खरी सावधगिरी हवी ती इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत. त्यातही ज्यांचा मधुमेह दहापंधरा वर्षांचा जुना आहे, ज्यांची साखर पूर्वी कधी फार उतरली आहे, आणि ज्यांना उतरल्याची चाहूलच लागत नाही, त्यांच्या बाबतीत विशेष.

चाहूल लागत नाही, हा यातील सर्वांत फसवा भाग होय. प्रथम साखर उतरू लागली की शरीर धोक्याची घंटा वाजवते. घाम येतो, हात कापतात, छाती धडधडते, भुकेने जीव कासावीस होतो. पण साखर वारंवार उतरू लागली म्हणजे ही घंटा उशिरा वाजते आणि पुढेपुढे वाजतही नाही. गरोदरपणात ती आणखी क्षीण होते. मग पहिले लक्षण दिसते ते थेट मेंदूचे. बोलणे अडखळते, नजर शून्यात लागते, माणूस चिडतो, हट्ट धरतो, साखर दिली तर पेला दूर लोटतो. जी स्वतः या अवस्थेत आहे तिला ती ओळखता येत नाही. म्हणून ओळखण्याची जबाबदारी शेजारी उभ्या असलेल्या माणसाची. आपल्या भागात याला पित्त म्हणतात, नजर म्हणतात, बाहेरची बाधा म्हणतात, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात मोलाची दहा मिनिटे जातात. आमचे एवढेच मागणे आहे की इन्सुलिन घेणारी गर्भवती वेगळी वागू लागली तर आधी साखर तपासा. यंत्र जवळ नसेल तर न तपासता साखर द्या. चुकून चढलेली साखर मागाहून उतरवता येते. उतरलेली साखर वाट पाहत नाही.

उपाय अगदी साधा आहे. स्त्री शुद्धीवर असेल आणि तिला गिळता येत असेल, तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पेलाभर पाण्यात विरघळवून द्यावी. लाडू, पेढा, चॉकलेट, दूध देऊ नये. त्यांतील तुपामुळे वा सायीमुळे साखर रक्तात पोहोचण्यास वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा ७० च्या वर गेला नसेल तर तेच पाणी पुन्हा द्यावे. बरे वाटल्यावर एखादी पोळी वा भाकरी, वरणभात किंवा पेलाभर दूध असे काही खाऊ घालावे, नाहीतर तासाभरात साखर पुन्हा उतरते.

शुद्ध हरपली असेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालू नये. साखर नाही, पाणी नाही, गंगाजलही नाही. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. तिला डाव्या कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे इंजेक्शन घरी ठेवण्यास दिले असेल तर ते द्यावे. गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबामुळेही झटके येतात, म्हणून रुग्णालयात पोहोचताच 'ही इन्सुलिन घेते' हे वाक्य सर्वांआधी सांगावे. आपला हातखंबा तिठा मुंबई, गोवा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चारी वाटांच्या तोंडाशी आहे, ही सोय आहे. पण आडवाडीतून तिठ्यापर्यंत येण्यातच पावसाळ्यात वेळ मोडतो. म्हणून वाहन कोणाचे, हाक कोणाला मारावयाची, हे आधीच ठरलेले असावे.

आता प्रतिबंधाकडे वळू. येथे आपल्या घरांच्या चालीरीतींचा प्रश्न येतो, आणि आम्ही थोडे स्पष्ट बोललो तर वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

आपल्याकडे सून सर्वांना वाढून शेवटी जेवते. ही रीत किती मायेची, किती जाचाची, हा वाद आज नको. पण इन्सुलिन घेणाऱ्या गर्भवतीच्या बाबतीत ही रीत घातक आहे, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही. तिचे ताट समोर आल्याशिवाय तिने इन्सुलिन टोचू नये. ज्या जुन्या प्रकारचे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास टोचावे लागते, ते घेणाऱ्या स्त्रीच्या जेवणाची वेळ घड्याळावर ठरलेली असावी आणि ती पाहुण्यांसाठी बदलू नये. तीन जेवणे आणि मधली तीन खाणी, रात्री झोपताना काही पोटात, असा क्रम असावा. सकाळची पेज नुसती न घेता तिच्याबरोबर उसळ किंवा अंडे असावे. कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी, ताक, मासे हे आपले जुने जेवण या कामी उत्तम आहे.

उपासांचेही तसेच. गणपतीच्या आदल्या दिवशीची हरतालिका, ज्येष्ठातील वटपौर्णिमा, संकष्टी, नवरात्र यांवर आपल्या भगिनींची निष्ठा आहे. परंतु बालक, वृद्ध, रोगी आणि गर्भवती यांना व्रतांतून सवलत देणारी परंपराही आपलीच आहे. पतीच्या आयुष्यासाठी धरलेला निर्जळी उपास पोटातील बाळाच्या आईचे आयुष्य पणास लावणार असेल, तर ते व्रत पतीलाच कसे रुचेल? आमच्या घरची गोष्ट सांगतो. त्या चतुर्थीनंतर गौरीपूजनाच्या दिवशी वहिनींनी नैवेद्य व्हायच्या आधीच माजघरात सुनेचे ताट मांडले. एका वृद्ध नातलग बाईंनी भुवया उंचावल्या. वहिनी म्हणाल्या, "गौर माहेरी आलीय, तिला लेकीबाळींची भूक कळते. ती नाही रागवायची." यापेक्षा मोठे धर्मशास्त्र आम्ही ऐकलेले नाही.

श्रमांचाही विचार हवा. आषाढातील लावणी, विहिरीवरचे पाणी, चढणीची वाट, यांनी साखर खाली येते, आणि कधीकधी कित्येक तासांनी, म्हणजे मध्यरात्री, येते. ज्या दिवशी श्रम अधिक झाले त्या रात्री झोपण्यापूर्वी तपासावे, आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास पहाटे दोन-तीनच्या सुमारासही तपासावे. घामाने भिजलेली उशी, भयंकर स्वप्ने, सकाळी ठणकणारे डोके, ही रात्री साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी ध्यानात ठेवावे की महामार्गावर गाडी तासन् तास अडकते. तेव्हा खाण्याचा डबा आणि साखरेची पुडी सामानाच्या तळाशी नव्हे, तिच्या हातातील पिशवीत असावी. तिने स्वतः दुचाकी चालवावयाची असेल तर निघण्यापूर्वी साखर तपासल्याशिवाय चालवू नये.

दोन बारीक पण महत्त्वाच्या गोष्टी. पहिली सुईची. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असते आणि पेनमधील १०० युनिट. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण असते, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. शंभराचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने घेतले तर अडीचपट मात्रा शरीरात जाते! परदेशातून कोणी आप्ताने प्रेमाने पाठविलेली बाटली अशा वेळी घात करते. तेव्हा बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे घरातील दुसऱ्या माणसाने वाचून पाहावे. दुसरी गोष्ट बोटांची. वैशाखात आंबा कापलेल्या, फणसाचे गरे काढलेल्या बोटातून रक्त काढले तर बोटाला लागलेल्या रसाची साखर यंत्र मोजते आणि आकडा खोटा चढतो. खरी साखर उतरलेली असताना यंत्र 'वाढली' म्हणते. म्हणून आधी साबणाने हात धुवावे, पुसावे, मग टोचावे. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी आता दंडावर लावावयाचा संवेदकही मिळतो, तो दिवसरात्र साखर दाखवतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या एका चाचणीत असा संवेदक वापरणाऱ्या, लहानपणापासून मधुमेह असणाऱ्या गर्भवतींच्या बाळांची प्रकृती अधिक चांगली राहिल्याचे दिसून आले.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, मग इन्सुलिनच नको. मंडळी, हा विचार साखर उतरण्यापेक्षाही भयंकर आहे, आणि तो आमच्या बोलण्यातून कोणी घेतला तर आम्ही आपले अपराधी ठरू. १९२२ सालच्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. बँटिंग आणि बेस्ट यांच्या त्या शोधापूर्वी लहानपणी मधुमेह जडलेल्या मुली बहुधा मातृत्वाच्या वयापर्यंत पोहोचतच नसत. मधुमेही स्त्री गरोदर राहिलीच तर आई आणि मूल दोघेही हातचे जाण्याची धास्ती असे. अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. प्रिसिला व्हाइट या विदुषीने १९२४ पासून सुमारे पन्नास वर्षे अशा गर्भवतींच्या सेवेत घालविली, आणि काळजीपूर्वक उपचार झाल्यास बहुसंख्य मुले सुखरूप जन्मतात हे जगाला दाखवून दिले. आज आमच्या सूनबाईसारखी मुलगी आई होऊ शकते ती इन्सुलिनमुळेच. भीतीने इन्सुलिन सोडले तर साखर व रक्तातील आम्लता चढून थोड्या दिवसांत, कधी थोड्या तासांत, आई आणि गर्भ दोघांवरही प्राणसंकट येते. मात्रा कमी करावयाची तर ती डॉक्टरांनी करावयाची, सासरच्यांनी किंवा माहेरच्यांनी नव्हे.

बाळाचे काय, हा प्रश्न प्रत्येक आजीच्या ओठांवर असतो. अधूनमधून थोडी साखर उतरली तर त्याने बाळाला अपाय होतो असे दिसलेले नाही. तेव्हा एखाद्या वेळच्या प्रसंगाने आईने स्वतःला दोष देत बसू नये. अपाय होतो तो मुख्यतः आईला, तिच्या पडण्याने, झटक्याने, बेशुद्धीने. आणि आई पडली की बाळ कोठे राहणार? म्हणून साखर चढू द्यावयाची नाही आणि उतरूही द्यावयाची नाही. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, आणि केव्हाही ७० च्या खाली नाही, अशी ही वाट सामान्यतः आखलेली असते. एखादीच्या बाबतीत डॉक्टर ती थोडी रुंद करतात, त्यांचे ऐकावे.

बाळ जन्मल्यावर साखर उतरण्याचा धोका दोघांनाही असतो. आईची साखर चढती राहिली असेल तर पोटातील बाळ स्वतःचे इन्सुलिन जास्त बनविण्यास सरावते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे इन्सुलिन तसेच राहते, आणि पहिल्या काही तासांत बाळाची साखर उतरते. म्हणून जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला अंगावर पाजावे. मध, साखरपाणी यांची बोटे चाटवू नयेत. आणि रुग्णालयात बाळाच्या टाचेतून रक्त तपासतात त्यास हरकत घेऊ नये. प्रसूती रुग्णालयातच व्हावी, ती यासाठीच. इकडे वार पडताच आईची इन्सुलिनची गरजही एकदम कोसळते. आदल्या दिवसाची मात्रा आता फार मोठी ठरते. त्यात स्तनपानानेही साखर खाली येते. रात्री बाळाला पाजण्यापूर्वी बाळंतिणीच्या उशाशी काही खाण्याचे असावे, आणि पाचवी-बारशाच्या गडबडीत तिचे जेवण विसरले जाऊ नये.

आमच्या ज्ञातीत मधुमेह कोठून आला, आपण तर काटक माणसे, असे कोणी विचारतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि मुलांचा अभ्यास चालविला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो, पण आपल्या बाळांच्या अंगात मांस कमी असले तरी चरबी त्या मानाने कमी नव्हती. वरून कृश आणि आतून चरबीची, अशी ही ठेवण पुढे मधुमेहास पोषक ठरते. तेव्हा 'मुलगी बारीक आहे, तिला कुठला मधुमेह?' हे म्हणणे टिकत नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या मार्गदर्शनानुसार प्रत्येक गर्भवतीची, पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासणी व्हावयास हवी. १४० वा त्याहून अधिक आकडा आला तर मधुमेह समजावा. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. आशाताईंना विचारावे, त्या सर्व सांगतील.

आता समारोप करतो. आमच्या सूनबाईला फाल्गुनात कन्यारत्न झाले. पहिल्या दोन तासांत बाळाची साखर थोडी उतरली होती, पण पाजल्यावर सावरली. आज ती मुलगी आमच्या पडवीत दुडुदुडु धावते आणि आजोबांचा चष्मा पळवते.

मंडळापाशी आमची तीन मागण्या आहेत, त्यांस पैसा लागत नाही. ज्या घरात इन्सुलिन घेणारी गर्भवती आहे, त्या घरातील किमान दोघांना, आणि त्यांपैकी एका पुरुषाला, साखर उतरल्याची लक्षणे आणि साखरपाण्याचा उपाय पाठ असावा. त्या घरात स्वयंपाकघरात, उशाशी आणि तिच्या पिशवीत साखरेची पुडी असावी. मधुमेहाचे घर म्हणून साखरच हद्दपार करू नये. आणि तिसरी मागणी, जी प्रथम सांगावयास हवी होती: सण असो, पंगत असो, पाहुणे असोत, तिचे ताट आधी मांडावे. या मेळाव्याचे भोजन आता थोड्या वेळाने आहे. आरंभ आजच, येथेच करावयास हरकत नाही. मंडपात कोणी अशी भगिनी असेल तर तिने संकोच न करता पहिल्या पंगतीत बसावे. वाढावयास आम्ही उभे राहतो.